‘स्माइल पिंकी’ : दुभंग कोणाचा?

मेगन मायलन यांच्या ‘स्माइल पिंकी’ या ३९ मिनिटांच्या अनुबोधपटास २००९ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातील पिंकी दुभंगलेल्या ओठामुळे शाळेस व सवंगड्यांस पारखी झालेली असते. एक समाजसेवक तिच्या घरच्यांना गाठतो आणि वाराणसीच्या रुग्णालयात तिच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया होते. चित्रपट हृदयस्पर्शी आहे. तरीही तो पाहून आमचे समाधान झाले नाही.

शस्त्रक्रियेस आमचा आक्षेप नाही. दुभंग टाळूपर्यंत गेला असेल तर तान्ह्या मुलास दूध ओढणे कठीण जाते व पुढे उच्चारही अस्पष्ट राहतात. तेथे विलंब करणे निर्दयपणाचे होय. परंतु १९७० व १९८० च्या दशकांत जर्मनी, इस्राएल आदी देशांत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची चेहरेपट्टी इतरांसारखी दिसावी म्हणूनही शस्त्रक्रिया झाल्या. त्या कोणाच्या व्यथेवरील उपाय होत्या? मुलांच्या, की पाहणाऱ्यांच्या?

हाच प्रश्न या चित्रपटात पुरेसा विचारला जात नाही. ओठ सांधला की दुःख संपले, असा त्याचा ओघ आहे. ज्यांनी मुलीला दूर लोटले त्यांना जाब द्यावा लागत नाही. बदलावे लागते ते मुलीच्या चेहऱ्यालाच. गर्भवतीने ग्रहण पाळले नाही म्हणून ओठ फाटला, असे आपल्याकडेही आईला ऐकवले जाते. तो दुभंग कोणता शल्यवैद्य सांधणार?

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाविषयी विचारतात की, पाप कोणाचे? प्रभू तो प्रश्नच नाकारतो व त्या मनुष्यास दृष्टी देतो. पण दृष्टी आल्यावरही लोक त्याला बाहेर घालवतात, हे आपण सहसा विसरतो. तेव्हा प्रभू त्याला पुन्हा शोधून काढतो. बरे करणे आणि आपलेसे करणे ही दोन निराळी कार्ये आहेत. पहिले वैद्याचे असेल. दुसरे मंडळीचे आहे.

म्हणून पाळकांना व धर्मशिक्षकांना आमची विनंती आहे. असे बालक जन्मलेल्या घरी आधी जावे आणि हे ग्रहणाचे फळ नव्हे, शिक्षाही नव्हे, असे आईला सांगावे. रुग्णालयाची वाट अवश्य दाखवावी. मूल जाणते असल्यास त्याचे मत विचारावे. मात्र शब्बाथशाळेत त्याची जागा शस्त्रक्रियेच्या आदल्या रविवारीही राखलेली असावी.