न सांगण्याची गोष्ट

रहस्यपटावर लिहायला बसणाऱ्याची स्थिती मोठी चमत्कारिक असते. ज्या एका गोष्टीसाठी सारा खटाटोप मांडलेला, नेमकी तीच त्याला सांगता येत नाही. लग्नघरी जेवून यावे, कोशिंबीर-पापडाचे वर्णन करावे आणि पक्वान्नाचे नाव मात्र काढू नये, असा हा प्रकार. त्यातून ज्या चित्रपटाविषयी मी लिहिणार आहे त्याने तर अखेरीस पडद्यावर प्रेक्षकांना विनंतीच केली आहे की, पाहिलेत ते मित्रांना सांगू नका, त्यांची गोडी घालवू नका. विनंती १९५५ सालची. ती करणारा दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो १९७७ साली वारला. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडू नये अशी आमच्याकडची रीत आहे; तेव्हा वाचकहो, शेवट माझ्याकडून कळेल ही आशा सोडा.

चित्रपटाचे नाव 'ले दियाबोलिक'. सैतानी माणसे म्हणा की सैतानी बायका म्हणा, फ्रेंच शब्दात दोन्ही बसते असे जाणकार सांगतात, आणि ती संदिग्धता कथेला चांगली मानवते. अमेरिकेतील क्रायटेरियन या संस्थेने हा चित्रपट १९९९ साली डीव्हीडीवर आणि २०११ साली ब्लू-रेवर काढला. एरवी यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळामास्तराच्या वाट्याला तो कुठून यायचा? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा मुंबईच्या फिल्म सोसायट्यांत असले चित्रपट दाखवले जात असतील. आमच्याकडे फिल्म सोसायटी म्हटले की पतसंस्थेची नवी शाखा समजायचे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या दिवाळीत तबकडी आणली आणि शहाणपणाने ती चालवणारे यंत्रही सोबत आणले. कारण या तबकड्यांचेही प्रांत पाडलेले आहेत. ब्लू-रेच्या वाटणीत अमेरिका 'ए' विभागात आणि आपण 'सी' विभागात, त्यामुळे तिकडची तबकडी इकडच्या यंत्रावर चालेलच असे नाही. पुस्तकाच्या बाबतीत असे कोणी केले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते.

आता कथा, जेवढी सांगण्याजोगी आहे तेवढी. पॅरिसच्या आसपासची एक निवासी शाळा. शाळा बायकोच्या पैशावर चाललेली, पण सत्ता नवऱ्याची. हा मिशेल नावाचा मुख्याध्यापक मुलांना स्वस्तातले नासलेले मासे खाऊ घालतो आणि भर भोजनगृहात सर्वांच्या देखत बायकोलाही तो घास गिळायला लावतो. बायको क्रिस्तिना हृदयविकाराने जर्जर, देवभीरू. निकोल नावाची दुसरी शिक्षिका ही त्याची उघड ठेवलेली मैत्रीण. कथेतली पहिली गंमत अशी की या दोघी सवती एकमेकींच्या झिंज्या ओढण्याऐवजी एक होतात. सुट्टीत त्याला नीओर गावी निकोलच्या घरी बोलावून घेतात, दारूत गुंगीचे औषध घालतात, न्हाणीघरातल्या टबात बुडवतात, वेताच्या पेटाऱ्यात घालून परत आणतात आणि शाळेच्या शेवाळलेल्या पोहण्याच्या हौदात टाकतात. मग हौद उपसला जातो. तळाशी काही नाही. त्यानंतर त्याचा सूट धुलाईच्या दुकानातून धुऊन येतो. इथवर सांगायला हरकत नाही. खरा चित्रपट इथून पुढे सुरू होतो.

मला विशेष वाटले ते शाळेचे. पडद्यावरच्या शाळा बहुधा खोट्या असतात: स्वच्छ भिंती, टवटवीत मुले, फळ्यावर मोठ्या अक्षरात एक सुविचार. क्लूझोची शाळा खरी आहे. ओला व्हरांडा, कंटाळलेले मास्तर, जेवणाच्या ताटावरून चाललेली काटकसर, आणि मोठ्यांच्या भानगडी मोठ्यांच्या आधी हेरणारी मुले. चित्रपट सुरू होताच एका डबक्यात कागदाची होडी तरंगताना दिसते आणि गाडीचे चाक तिच्यावरून जाते. पुढे दोन तास काय होणार आहे ते त्या चाकात आले, असे मला दुसऱ्या वेळी पाहताना जाणवले. पहिल्या वेळी मी फक्त 'अरेरे' म्हणालो होतो.

पिएर ब्वालो आणि तोमा नार्सजाक या जोडीच्या १९५२ सालच्या कादंबरीवरून हा चित्रपट घेतला आहे. तिच्या नावाचा अर्थ साधारण 'जी आता उरली नव्हती ती'. मूळ कादंबरीत शाळा नाहीच. तिथे नवरा आणि त्याची डॉक्टरीण मैत्रीण मिळून बायकोला बुडवतात. क्लूझोने पात्रांची अशी उलटापालट केली आणि सगळे शाळेत नेऊन बसवले. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्याने आपल्या कथेत एवढा हात घातला तर लेखकाच्या पोटात काय होते याची मला कल्पना आहे. पण इथे दिग्दर्शकाचे बरोबर होते. नवरा बायकोला मारतो ही बातमी आपण रोज वाचून पान उलटतो. दोन बायका, त्याही एकाच पुरुषाच्या, पेटारा दोन्ही कड्यांना धरून जिना उतरतात तेव्हा आपण श्वास रोखतो, आणि लाजिरवाणी गोष्ट ही की पेटारा हातून सुटू नये असे आपल्यालाही वाटते. याच लेखकद्वयाच्या १९५४ सालच्या दुसऱ्या कादंबरीवरून आल्फ्रेड हिचकॉकने 'व्हर्टिगो' हा १९५८ सालचा चित्रपट केला. मेलेले माणूस परत दिसणे हा या जोडीचा हातखंडाच.

तसा तो आपल्यालाही अनोळखी नाही. राजा परांजपे यांचा १९६४ सालचा 'पाठलाग' आठवा. जयंत देवकुळे यांची कथा, काशिनाथ घाणेकर वकिलाच्या भूमिकेत, आणि बायको वारल्यावर हुबेहूब तिच्यासारखी स्त्री समोर उभी. पुढे १९६६ साली त्यावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला. त्याचाही शेवट सांगत नाही, परंतु महाराष्ट्रात तो ठाऊक नसलेले घर शोधावे लागेल. तरी 'पाठलाग' पुन्हा पुन्हा पाहिला जातो. कारण रहस्य फुटले तरी गाणी फुटत नाहीत. ती ग. दि. माडगूळकरांची. हेच माडगूळकर १९७३ साली आमच्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्या वेळचे सांगणारी म्हातारी माणसे अजून भेटतात आणि प्रत्येकाची खुर्ची पहिल्या रांगेत असते.

क्लूझोपाशी गाणे नाही. गाण्याचे सोडा, नावे संपली की मधल्या चित्रपटात पार्श्वसंगीतही नाही. नळ ठिबकतो, दार करकरते, पावले वाजतात. मी कापसाच्या गावात वाढलो. लहानपणी गणपतीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत आणि एका रात्रीत तीन चित्रपट उरकत. तिसऱ्याला निम्मी गल्ली पटांगणातच झोपलेली असे. भीती दाखवायची तर ढोल बडवावा लागतो, अशी तेव्हापासूनची आमची समजूत. या शांततेची सवय व्हायला अर्धा तास लागला. आईने तर दहाव्या मिनिटालाच विचारले, "गानं नाही काय रे याच्यात?"

आणि इथेच घरी पाहण्याचा खरा प्रश्न येतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. फ्रेंचचा गंधही नाही, आणि खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळी मला धापा टाकत वाचाव्या लागतात. आईला त्याही येत नाहीत. म्हणून दर दोन-चार वाक्यांनी चित्र थांबवायचे, तिला अर्थ सांगायचा, पुन्हा चालू करायचे. मध्येच कुणी शंकरपाळ्यांचा डबा मागायचे. त्यात दिवे गेले ते वेगळेच. दोन तासांचा चित्रपट आम्हाला जवळजवळ चार तास पुरला. दिग्दर्शकाला हे कळते तर त्याने तबकडी परत मागितली असती. याच चित्रपटानंतर पाच वर्षांनी, १९६० साली, हिचकॉकने 'सायको' सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नका असा दंडक घातला होता. भीती ही सलग शिजवायची वस्तू आहे, झाकण काढले की वाफ गेली, असे या मंडळींचे शास्त्र.

ते सर्वस्वी खरे नाही, असा माझा अनुभव. टबाच्या प्रसंगी मी चित्र थांबवले नाही, आणि आईने अर्थही विचारला नाही. खाली पाणी सोडल्याचा आवाज होतो, वर रेडिओवरचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ऐकणारे भाडेकरू वैतागतात. एवढ्याशा घरगुती वैतागाने खोलीतली आम्ही पाचही माणसे ताठ बसली. उलट काही ठिकाणी थांबल्याने भीती वाढली. हौद उपसायला घेतला आणि दिवे गेले. त्या वीस मिनिटांच्या अंधारात आई, मुले, बायको, सगळे त्या हौदाविषयीच बोलत होते, आणि मोरीकडे एकटे जायला कोणी तयार नव्हते. चित्रपटगृहात ही वीस मिनिटे कोण देणार?

माझ्या मुलीने मात्र शेवट मोबाइलवर आधीच वाचून ठेवला होता. मी रागावलो. तिने मला निरुत्तर केले ते असे, "बाबा, कीर्तनात हरिश्चंद्राचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतंच की. तरी आजी दरवर्षी रडते." मुद्दा बिनतोड आहे. आपल्या परंपरेत उत्तररंगाचे रहस्य कोणी राखून ठेवत नाही. श्रोता काय होते याच्यासाठी येत नाही, कसे होते याच्यासाठी येतो. मग पडद्यावरच्या त्या विनंतीचे एवढे स्तोम कशाला? ज्या चित्रपटाची सारी पुंजी शेवटच्या पाच मिनिटांत आहे तो एकदाच वापरायच्या पत्रावळीसारखा. तबकडी तर कपाटात राहते. आठवड्याने पुन्हा लावता येते. तेव्हा घरी आलेल्या रहस्यपटाला पत्रावळ होऊन चालत नाही, पितळी ताट व्हावे लागते.

म्हणून मी चार दिवसांनी एकट्याने पुन्हा पाहिला. कठोरपणे सांगायचे तर कथेचा सांगाडा दुसऱ्या पाहण्यात खिळखिळा होतो. किती माणसांनी नेमक्या किती वेळी नेमके तसेच वागावे लागते, याचा हिशेब मांडला तर बेरीज जुळत नाही. ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. क्रिस्तिना जरा जास्तच गरीब गाय केली आहे. शार्ल व्हानेलने उभा केलेला निवृत्त पोलीस अधिकारी मोठा गोड, पण तो जिथे तिथे उगवतो हे लेखकाच्या सोयीचे आहे. मात्र सिमोन सिन्योरेची निकोल दुसऱ्या वेळी दुप्पट चांगली वाटते. पहिल्यांदा जो नुसता कोरडेपणा वाटला त्यात किती थर आहेत ते मागे फिरवून पाहता येते, आणि हे सुख चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला नव्हते. क्रिस्तिनाचे काम करणारी व्हेरा ही क्लूझोची पत्नी. पडद्यावर ती सतत छातीवर हात ठेवते. १९६० साली ती खरोखरीच हृदयविकाराने गेली. हे ठाऊक असताना तिचा जिन्यावरचा श्वास ऐकवत नाही. रहस्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि तरी दुसऱ्या पाहण्यात सर्वांत भयंकर तेच वाटले. तबकडीवर सर्ज ब्रॉम्बेर्ग यांची प्रस्तावना आणि किम न्यूमन यांची मुलाखत आहे. ती चित्रपटानंतरच पाहावी, आधी पाहू नये, एवढीच सूचना.

आणि म्वाने. हा शाळेतला एक पोरगा आहे, खोडकर, गलोल बाळगणारा. मुख्याध्यापक नाहीसे झालेले असताना तो शपथेवर सांगतो की मला सर भेटले. कोणी विश्वास ठेवत नाही. त्याला शिक्षा होते. पहिल्या वेळी मी त्या शिक्षेवर हसलो. दुसऱ्या वेळी मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. पाण्याच्या टाकीखाली घोरपड आहे असे तो सांगत आला होता. मी त्याला थापाड्या ठरवून तासभर उभे केले, कारण आदल्या आठवड्यात त्याने गृहपाठाच्या वहीबद्दल थाप मारली होती. तिसऱ्या दिवशी शिपायाला घोरपड दिसली. मी मुलाला काही बोललो नाही. काय बोलायचे ते सुचले नाही, आणि मग वर्ष संपले. क्लूझो एकदा थाप मारलेल्या मुलाला विसरत नाही. चित्रपट तो कोणाच्या हाती सोपवून संपवतो, हे पाहणाऱ्याने पाहावे.

आईला मी पडद्यावरच्या शेवटच्या विनंतीचा अर्थ सांगितला होता. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या काकूंना ओसरीवर सारी कथा वऱ्हाडीत सांगत होती. टब, पेटारा, हौद, सगळे साग्रसंगीत. हौद उपसला आणि ती थांबली. "मंग?" काकू म्हणाल्या. "मंग काय, पाह्यजो तूच. सांगू नाही म्हनते थो."

आता तबकडी गावात फिरते आहे. आमच्या मुख्याध्यापकांनीही मागितली आहे. शाळेचा चित्रपट आहे म्हणे, मुलांना दाखवता येईल का पाहू. द्यावी की देऊ नये, याचा विचार मी या सुट्टीत करतो आहे.