पाऊण डॉलरचा हिशेब

१९८६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संगणक वापराच्या हिशेबात पंच्याहत्तर सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा, फरक निघाला. क्लिफर्ड स्टोल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ नुकतेच संगणक विभागात आले होते. त्यांना हा फरक शोधायला सांगितले गेले. कोणी परका संगणकात शिरून फुकट वेळ वापरत होता. त्याचा माग काढत स्टोल जर्मनीतील हॅनोवरपर्यंत पोहोचले. 'द कुकूज एग' (१९८९) या पुस्तकात त्यांनी ही हकिकत सांगितली आहे.

निरीक्षण कसे करावे याचा धडा म्हणून हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. क्षुल्लक फरक 'चालायचेच' म्हणून स्टोल सोडून देत नाहीत. घुसखोराची प्रत्येक कळ छापून घेतात, वहीत तारीखवार नोंदी करतात आणि मगच तर्क बांधतात. पुस्तकाचे नावही समर्पक आहे. कोकिळा आपले अंडे कावळ्याकडून उबवून घेते. या घुसखोरानेही आपली आज्ञावली अशा जागी ठेवली, की संगणकच ती सर्वाधिकारांनिशी चालवी.

मात्र संरक्षणाचा धडा म्हणून पुस्तक थोडी दिशाभूल करते. पाठलाग इतका रंगतो, की कुलूप विसरले जाते. स्टोल यांच्याच १९८८ च्या लेखानुसार घुसखोराने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली आणि तीसहून अधिक उघडली. त्यांतली बरीचशी कशामुळे? कारखान्यातून आलेली खाती आणि परवलीचे शब्द कोणी बदललेच नव्हते. चोर फार हुशार नव्हता, चिकाटीचा होता.

आज ही चिकाटी यंत्रांकडे आहे. दूर कोठे एखादा छोटा सर्व्हर चालू केला, की थोड्याच वेळात त्याच्या नोंदींत अनोळखी प्रयत्न दिसू लागतात. आज्ञावल्या पत्त्यामागून पत्ता ठोठावत असतात. त्यांतल्या प्रत्येकीचा पाठलाग करणे व्यर्थ आहे.

त्यापेक्षा गणित करून पाहू. आठ इंग्रजी अक्षरांच्या जुळण्या २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,९०० कोटी होतात. सेकंदाला एक प्रयत्न केला तर सगळ्या तपासायला ६,६०० वर्षे लागतील. पण माणसे जुळणी निवडत नाहीत, ओळखीचा शब्द निवडतात. एक लाख शब्दांची यादी त्याच वेगाने २८ तासांत संपते. पाच चुकांनंतर तो पत्ता दहा मिनिटे अडवणारी 'फेल-टू-बॅन'सारखी आज्ञावली बसवली, तर हाच काळ सुमारे १३९ दिवस होतो. पण हल्लेखोराने हजार पत्त्यांवरून काम वाटून घेतले, तर सव्वातीन तासांतच यादी आटोपते! दाराचा क्रमांक २२ वरून दुसरा केल्याने ठोठावणे कमी होते, कुलूप मजबूत होत नाही.

खरा उपाय म्हणजे शब्दाने दार उघडणेच बंद करायचे. १९९५ मध्ये फिनलंडमधील टाटू यलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत तयार केली. तिच्यात किल्लीचा एक भाग सर्व्हरवर, तर दुसरा गुप्त भाग आपल्याजवळच राहतो. तो जाळ्यावरून कधी पाठवावा लागत नाही आणि कोणत्याही शब्दयादीत सापडत नाही. एक पथ्य मात्र पाळावे : किल्लीने प्रवेश होतो याची खात्री झाल्यावरच परवलीचा शब्द बंद करावा, नाहीतर दूरच्या यंत्राबाहेर आपणच अडकून पडू.

स्टोल यांच्या काळी हे साधन नव्हते, तेव्हा ते पुस्तकात नाही हा त्यांचा दोष नव्हे. दोष आहे तो आज चोराची हुशारी वर्गात रंगवून सांगण्यात आणि न बदललेल्या शब्दाची गोष्ट गाळण्यात. वरचे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे. पाऊण डॉलरचा फरक ज्या चिकाटीने शोधला गेला, त्याच चिकाटीने आपल्या संगणकातली जुनी, विसरलेली खातीही शोधायला हवीत.