'ट्वेल्व्ह अँग्री मेन' : ज्यूरीची खोली आणि बुडालेला रोज

रेजिनाल्ड रोझ यांनी १९५४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या आणि सिडनी ल्युमेट यांनी १९५७ मध्ये पडद्यावर आणलेल्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या कलाकृतीचा विचार प्रामुख्याने 'वाजवी संशय' या तत्त्वाच्या अंगाने केला जातो. पित्याच्या खुनाचा आरोप असलेला अठरा वर्षांचा मुलगा, अकरा विरुद्ध एक असे पहिले मतदान आणि आठव्या ज्यूररचा संयमी विरोध यांवर भरपूर चर्चा होते. मात्र ज्यूरीच्या खोलीत अडकलेल्या या बारा पुरुषांचा त्या दिवसाचा रोज कोण देणार, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

वस्तुतः घाई हाच या कथानकाचा कणा आहे. सातव्या ज्यूररच्या खिशात बेसबॉलच्या सामन्याची तिकिटे आहेत. मार्मालेड विकून वर्षाला सत्तावीस हजार डॉलर मिळविणारा हा विक्रेता अखेरीस केवळ सुटका व्हावी म्हणून मत बदलतो आणि अकराव्या ज्यूररचा, म्हणजे स्थलांतरित घड्याळजीचा, रोष ओढवून घेतो. दहाव्याला आपल्या गॅरेजांची चिंता आहे; परंतु त्याच्या तोंडी लेखकाने वंशद्वेषही घातला आहे. घाई करणारा एक तर उथळ किंवा दुष्ट, अशी ही योजना आहे. ज्याचा खाडा पडला की घरची चूल अडते, अशा माणसाची प्रामाणिक घाई या नाट्यात कोठेही निर्णायक होत नाही. तशी घाई समोर आली असती, तर आठव्या ज्यूररचे, म्हणजे एका वास्तुशास्त्रज्ञाचे, नैतिक पारडे इतके सहज जड झाले नसते.

अपवाद सहाव्या ज्यूररचा. तो घरे रंगविणारा कामगार आहे. तर्क लढविणे हे आपले काम नव्हे, ते आपला मालक करतो, अशा आशयाचे त्याचे उद्गार फार बोलके आहेत. मालक खोलीत नाही, तरी त्याची सावली तेथे आहे. हा धागा लेखकाने हाती घेतला आणि लगेच सोडला. नाटक म्हणजे मजुरीचा अहवाल नव्हे, हे मान्य. परंतु प्रत्येकाचा व्यवसाय इतक्या नेमकेपणाने योजणाऱ्या लेखकाकडून ही अपेक्षा अवाजवी ठरत नाही.

हा प्रश्न त्या काळात अज्ञातही नव्हता. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाच्या ज्यूरीयादीतून रोजंदारी कामगार सरसकट वगळले जात. कारण आर्थिक अडचणीमुळे न्यायाधीश त्यांना मोकळे करणारच, असा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद होता. 'थिल विरुद्ध सदर्न पॅसिफिक' या खटल्यात १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अवैध ठरविली. खरी अडचण असलेल्या व्यक्तीला सूट देता येईल, पण संपूर्ण वर्ग वगळता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. मात्र कामगाराला ज्यूरीत बसण्याचा हक्क मिळाला तरी बुडालेल्या मजुरीचा प्रश्न तसाच राहिला.

पुढील कायद्यांतही हाच दुभंग आढळतो. १९७८ च्या संघीय कायद्याने ज्यूरीसेवेमुळे कायम कर्मचाऱ्याला कामावरून काढणे वा धमकावणे निषिद्ध केले आणि त्याची सेवाज्येष्ठता सुरक्षित ठेवली. वेतन देण्याची सक्ती मात्र मालकावर घातली नाही. संघीय न्यायालयाचा दैनिक भत्ता २०१८ मध्ये चाळीसवरून पन्नास डॉलर झाला. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या तीन दिवसांचे नियमित वेतन मालक देतो व त्यानंतर राज्य दिवसाला पन्नास डॉलर देते. न्यूयॉर्कमध्ये दहाहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकावर पहिल्या तीन दिवसांपुरती मर्यादित जबाबदारी आहे. म्हणजे नोकरी टिकते, मजुरी टिकेलच असे नाही.

भारतीय प्रेक्षकाला हे कथानक मुख्यत्वे बासू चॅटर्जी यांच्या 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) मुळे परिचित झाले. १९५९ च्या मुंबईतील नानावटी खटल्यानंतर येथील ज्यूरीपद्धतीचा अस्त जवळ आला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थानच उरले नाही. त्यामुळे ज्यूरीचे बोलावणे आले म्हणून रजेचा अर्ज लिहिण्याची वेळ या प्रेक्षकावर आली नव्हती. त्याने हा चित्रपट निव्वळ विवेकाची कथा म्हणून पाहिला, आणि महाविद्यालयीन वर्गांतून तो बहुतांशी तसाच शिकविला जातो.