कृपा, मर्जी आणि एकदाच मोकळा असलेला होकार



आजचा विषय आहे कॅथलिक पंडितांच्या परंपरेतली ईश्वरी कृपा आणि माणसाचं इच्छास्वातंत्र्य. चकलांब्यात बसून रोम आणि सालामांकाच्या वादाशी आपला काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध आहे. हा वाद युरोपात ऐन भरात होता, त्याच काळात त्याच परंपरेतला एक इंग्रज जेझुइट गोव्यात राहून मराठी आत्मसात करत होता. आणि दुसरं असं, की राजीखुशीचा होकार म्हणजे नेमकं काय, हा या वादाचा गाभा आहे. तो प्रश्न आपल्या बीड जिल्ह्याला नवा नाही.

आधी प्रश्न नीट मांडू या. सगळं देवच करतो म्हटलं, तर माणसाच्या हातात काय उरतं? आणि माणूस स्वतःच्या बळावर तरतो म्हटलं, तर देव कशाला हवा? आपल्याकडेही ही अडचण आहेच. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो असं येतं, आणि दोनच श्लोकांनंतर अर्जुनाला सांगितलं जातं की नीट विचार कर आणि तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. श्रीवैष्णवांत यावरून दोन पक्ष पडले. एक म्हणतो, भक्त माकडाच्या पिलासारखा आहे, आईला त्यानेच घट्ट धरायचं. दुसरा म्हणतो, तो मांजराच्या पिलासारखा आहे, आईच त्याला तोंडात धरून नेते.

पण ‘हे तर आपल्याकडचंच’ असं म्हणून मोकळं होण्याची आपली सवय इथे कामाची नाही. आपल्याकडे कृपेच्या मागे कर्म आणि अनेक जन्म उभे असतात. या जन्मी राहिलं ते पुढच्या जन्मी, अशी सोय आहे. ख्रिस्ती विचारात जन्म एकच. त्यामुळे तिथे होकार आणि नकार दोन्ही फार जड होतात.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस म्हणाला, चांगलं वागायची ताकद माणसात आहे, त्याने ती वापरावी. ऑगस्टीनने (354–430) उत्तर दिलं, की नाही, चांगल्याची इच्छा होणं हीसुद्धा कृपाच. चर्चने ऑगस्टीनची बाजू घेतली. पण मग माणूस कळसूत्री बाहुली होतो का? याचं सर्वांत नेटकं उत्तर थॉमस अक्वायनसने (1225–1274) दिलं. तो म्हणतो, एका कृतीतला अर्धा वाटा देवाचा आणि अर्धा माणसाचा, असा हिशोबच चुकीचा आहे. कृती पूर्ण देवाची आणि पूर्ण माणसाची, फक्त वेगवेगळ्या पातळीवर. देव प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे हलवतो. दगडाला दगडासारखं, इच्छेला इच्छेसारखं. इच्छा ज्याने दिली तोच तिला आतून हलवू शकतो. इतर कुणीही, मग तो राजा असो नाही तर धर्मगुरू, फक्त बाहेरून समजावू शकतो किंवा शरीरावर जोर करू शकतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने दोन्ही टोकं धरून ठेवली: आरंभ कृपेचा, पण माणूस तिला मोकळेपणाने होकार देतो आणि तिला नाकारूही शकतो. हे जुळवायचं कसं, त्यावरून भांडण जुंपलं. लुईस दे मोलिना या जेझुइटाचा ग्रंथ 1588 मध्ये लिस्बनला छापला गेला. त्याचा दृष्टान्त आहे दोन माणसं मिळून नाव ओढतात त्याचा. आपण म्हणू, एका जुवाला दोन बैल. कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत काय निवडेल हे देवाला आधीच ठाऊक असतं, आणि त्या जाणिवेनुसार तो कृपा देतो, असं मोलिना म्हणतो. डॉमिनिकन पंडित दोमिंगो बान्येझ याला हे मान्य नव्हतं. देव जर माणसाच्या निवडीकडे बघून ठरवणार, तर पहिलं कारण देव राहिलाच कुठे? प्रकरण रोमला गेलं. दोन पोपांसमोर वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. शेवटी 1607 मध्ये पाचव्या पॉलने निकाल न देताच दोघांना सांगितलं, एकमेकांना पाखंडी म्हणू नका. आमच्या मते तो शहाणपणाचा निर्णय होता. जुवाचा दृष्टान्त समजायला सोपा, पण तो देवाला दुसरा बैल करून टाकतो. बान्येझची मांडणी खोल, पण तीत नकार द्यायला जागा कुठे, हे तो पटेल असं सांगू शकत नाही.

आता गोव्याकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये लिस्बनहूनच जहाजात बसून गोव्याला आले आणि जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच राहिले, मुख्यतः सासष्टीत. 1616 मध्ये राचोलला त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. अक्षरं रोमन, भाषा मराठी, ओव्या सुमारे अकरा हजार. मोलिना आणि बान्येझ यांची परिभाषा त्यात शोधायला जाऊ नये, ते पुराण आहे, कथा सांगतं. पण त्याचा घाटच एक बाजू मांडतो. जो माणूस ऐकणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या छंदात, अकरा हजार ओव्या लिहितो, त्याला ठाऊक असतं की होकार आतून यावा लागतो.

मराठी समीक्षा बहुतेक इथेच थांबते. स्टीफन्सच्या मराठीचं कौतुक करते आणि पुढे जाते. कौतुक योग्यच आहे. पण या ओव्या ज्यांच्यासाठी होत्या, त्यांचा होकार कोणत्या परिस्थितीतला होता? सासष्टीतली देवळं 1567 पासून पाडली गेली होती. त्याआधी 1559 मध्ये अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याची राजाज्ञा निघाली होती. 1560 पासून इन्क्विझिशन होतं. 1583 मध्ये कुंकळ्ळीत रुदोल्फ अक्वाविवासह पाच जेझुइट मारले गेले, आणि पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आलं. जो संघ रोममध्ये देवासमोरसुद्धा माणसाचं स्वातंत्र्य टिकलं पाहिजे म्हणून झगडत होता, तोच संघ सासष्टीत या राजसत्तेच्या सावलीत काम करत होता.

कुणी म्हणेल, आजची मापं तेव्हाच्या माणसांना कशाला लावता? लावायची गरजच नाही. त्यांचीच मापं लावू. अक्वायनसने स्पष्ट लिहिलं आहे, की ज्यांनी कधी श्रद्धा स्वीकारलीच नाही त्यांच्यावर ती लादता येत नाही, कारण श्रद्धा इच्छेवर अवलंबून असते. आईबापांच्या मर्जीविरुद्ध मुलांना बाप्तिस्मा देणं त्याने नैसर्गिक न्यायाविरुद्ध ठरवलं. डन्स स्कोटसचं मत उलटं होतं, त्याने राजाला तो अधिकार दिला. म्हणजे परंपरेत दोन्ही मतं होती, आणि गोव्याने सोयीचं उचललं.

पण अक्वायनसला इतक्यावर सोडता येत नाही. तोच पुढे म्हणतो, ज्यांनी एकदा श्रद्धा स्वीकारली त्यांना ती टिकवायला भाग पाडता येतं. कारण? नवस बोलणं मर्जीचं, पण फेडणं बंधनाचं. इन्क्विझिशन याच दारातून आत आलं. त्याचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचा. आणि तो बाप्तिस्मा कसा झाला होता? 1201 मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने ठरवलं होतं, की भीतीपोटी बाप्तिस्मा घेणाऱ्यानेही एका अर्थी होकारच दिलेला असतो, म्हणून तो बांधला गेला. शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिला, फक्त तोच सुटला.

आमची टीका इथे आहे. नवस फेडला नाही तर त्याचा हिशोब देवाशी असतो, गावचा पाटील चाबूक घेऊन दारात येत नाही. शिवाय ट्रेंटनुसार बाप्तिस्म्यानंतरही माणूस कृपा गमावू शकतो, नाकारू शकतो. नकार शक्य आहे म्हणूनच होकाराला मोल आहे. तुरुंगाच्या भीतीने टिकवलेल्या होकारात कृपेचं काम काय उरलं? आणि इच्छेला आतून फक्त देवच हलवू शकतो हे खरं असेल, तर चाबूकवाला कृपेचा मदतनीस नव्हे, तो देवाच्या जागी बसू पाहणारा माणूस आहे. हा निष्कर्ष अक्वायनसच्याच आधारवाक्यातून निघतो. त्याने तो काढला नाही. चर्चने तो अधिकृतपणे उच्चारला 7 डिसेंबर 1965 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेत.

आता आपल्याकडे बघू. पाऊस गेलेला असतो, रान कोरडं पडलेलं असतं, आणि घरातली जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेते. अंगठा त्यांचाच असतो. मग हंगाम संपेपर्यंत आजारपण असो, बाळंतपण असो, उत्तर एकच: उचल घेतलीय ना, तुम्हीच हो म्हणालात ना! बघा, हे इनोसंटचंच वाक्य आहे. पहिला होकार मोकळा मानायचा आणि पुढचा प्रत्येक नकार गुन्हा ठरवायचा.

याच पंडितांकडे या प्रसंगासाठी एक चांगलं हत्यारही आहे. अ‍ॅरिस्टॉटलचं उदाहरण अक्वायनस घेतो: वादळात सापडलेला माणूस जहाजावरचा माल स्वतःच्या हाताने समुद्रात फेकतो. ही कृती त्याच्या इच्छेची आहे का? आहे, कारण हात त्याचा आणि निर्णयही त्याचा. पण वादळ नसतं तर त्याने ती केली असती का? कधीच नाही. म्हणून नुसता ‘होकार दिला की नाही’ एवढं विचारून भागत नाही. वादळ कुणाचं होतं, हेही विचारावं लागतं. समुद्रातलं वादळ कुणी उठवत नाही. सासष्टीतलं माणसांनी उठवलं होतं. आपल्याकडचं थोडं आभाळातलं असतं आणि बरंच माणसांचं.

कृपेच्या या वादातून आपल्याला घेता येईल अशी गोष्ट एकच. ज्यांच्या मते देव सर्वसमर्थ आहे, त्यांनीसुद्धा माणसाच्या ‘नाही’साठी जागा राखली. मग माणसांनी माणसांना ती जागा नाकारायला आधार कुठला? यावर आपले प्रश्न जरूर पाठवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.