उत्तरचित्रपटातील नायकाचा स्वभावविकास आणि कथेची गती

पूर्वकथेत ज्याचे कार्य पूर्ण झाले आहे अशा नायकाला पुन्हा प्रेक्षकांपुढे आणावयाचे, तर त्याच्या ठिकाणी विकासाला अवकाश कोठून मिळवावयाचा, हा प्रश्न नवा नव्हे. ‘महावीरचरिता’नंतर ‘उत्तररामचरिता’ला हात घालताना भवभूतीपुढे हाच प्रश्न होता, विजयी रामाला स्वतःच्याच निर्णयाचे दुःख भोगावयास लावून त्याने तो सोडविला. विज्ञानकथेवरील उत्तरचित्रपटांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. तेथे दुसऱ्या भागात शत्रू अधिक प्रबळ, शस्त्रे अधिक भीषण आणि दृश्ये अधिक भव्य असावयाची अशी अपेक्षा रूढ झालेली असते, आणि या वाढत्या पसाऱ्यात नायकाचे मन तेवढे जागच्या जागी राहते.

या दृष्टीने जेम्स कॅमेरून यांचा ‘एलियन्स’ (१९८६) हा चित्रपट विशेष अभ्यसनीय आहे. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटाच्या अखेरीस रिप्ली ही नायिका एकटी वाचते. दुसऱ्या भागाच्या आरंभी ती सत्तावन्न वर्षांच्या निद्रेतून जागी होते. तिला प्राप्त होते ते वीरपद नव्हे. चौकशी, अविश्वास आणि रद्द झालेला परवाना हेच तिच्या वाट्याला येतात. गोदीत बोजे उचलणारे यंत्र चालवून ती उदरनिर्वाह करते आणि रात्री दुःस्वप्नांनी दचकून उठते. त्या ग्रहावर परत जाण्यास ती प्रथम स्वच्छ नकार देते. हा नकार आणि नंतरचा होकार यांमधील अंतर दिग्दर्शकाने घाईने कापलेले नाही, म्हणूनच तो होकार खरा वाटतो.

गतीचा विचारही येथेच येतो. मूळ चित्रपट १३७ मिनिटांचा आहे, आणि शत्रूशी प्रत्यक्ष झुंज पहिला तास उलटेपर्यंत सुरू होत नाही. हा तास रिकामा मात्र नाही. सैनिकांच्या बढाया, रिप्लीचा अवघडलेपणा, आणि ‘माझा काही उपयोग होईल का’ अशा भावनेने तिने यानावर चालवून दाखविलेले ते बोजे उचलणारे यंत्र, हे सर्व या तासात येते. त्याच यंत्रात शिरून ती अखेरीस राक्षसी राणीला सामोरी जाते, तेव्हा प्रेक्षकाला आश्चर्य वाटते, पण अविश्वास वाटत नाही. पोट भरण्यासाठी केलेली मजुरी येथे शौर्याचे साधन झाली आहे. बंदूक कशी धरावी हेसुद्धा तिला हिक्स या सैनिकाकडून शिकावे लागते. नवखा लेफ्टनंट गोंधळून स्तब्ध होतो त्या क्षणी ती वाहनाचे चाक हाती घेते. तिचे नेतृत्व जन्मजात नाही, दुसऱ्याच्या दुर्बलतेतून ते तिच्यावर येऊन पडते.

पुढे प्रसिद्ध झालेल्या सुमारे १५४ मिनिटांच्या दीर्घ आवृत्तीत पूर्वी वगळलेले दोन महत्त्वाचे भाग आढळतात. एका भागात रिप्लीला आपली मुलगी वृद्ध होऊन निवर्तल्याचे कळते. दुसऱ्यात वसाहतीवर संकट कसे ओढवले ते दाखविले आहे. या दोहोंची योग्यता सारखी मानता येत नाही. पहिल्याने अनाथ न्यूटविषयीच्या तिच्या वात्सल्याला मूळ मिळते. तो वगळणे ही हानीच होती. दुसऱ्याने मात्र प्रेक्षक नायिकेच्या आधीच सत्य जाणतो, आणि ओसाड वसाहतीत तिच्याबरोबर भीतभीत पाऊल टाकण्याचा अनुभव पातळ होतो. केवळ लांबी वाढल्याने गती मंदावते असे नव्हे. प्रेक्षकाचे ज्ञान नायकाच्या ज्ञानापासून अकारण तुटले म्हणजे ती मंदावते.

याच्या उलट उदाहरण ‘द मेट्रिक्स रीलोडेड’ (२००३) याचे. पहिल्या चित्रपटाच्या (१९९९) अखेरीस निओ जवळजवळ सर्वशक्तिमान झालेला आहे. स्मिथच्या असंख्य प्रतिकृतींशी तो दीर्घकाळ झुंजतो आणि शेवटी आकाशात उडून निघून जातो. मग तो आरंभीच का उडाला नाही? हा प्रश्न मनात आल्यावर ती सारी झुंज व्यायामाचे प्रात्यक्षिक होऊन बसते. याच चित्रपटातील महामार्गावरील पाठलाग विलक्षण उत्कंठावर्धक आहे, आणि तेथे निओ जवळजवळ अखेरपर्यंत अनुपस्थित आहे! संकटात सापडलेली माणसे पडू शकतात, मरू शकतात. म्हणून तेथे कथेला वेग आहे.

‘टर्मिनेटर २’ (१९९१) मध्ये सारा कॉनरला सामर्थ्य मिळते ते माणुसकीचा काही अंश गमावून. भावी संहाराला कारण होणाऱ्या संशोधकाला ठार करण्यास ती निघते, तेव्हा तीच त्या निर्दय यंत्रासारखी भासते. आणि त्याचा मुलगा मध्ये येताच तिचा हात थांबतो. संपूर्ण चित्रपटातील भव्य स्फोटांपेक्षा हा थांबलेला हात अधिक स्मरणात राहतो.

‘एलियन ३’ (१९९२) ने रिप्लीच्या प्राप्तीवर आरंभीच पाणी सोडले आहे. न्यूट आणि हिक्स दोघेही कथा सुरू होताच मृत आढळतात. मुलीच्या शवविच्छेदनाला आणि दहनाला दिलेला वेळ पाहता दिग्दर्शकाने हे दुःख हलके मानले असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या मुलीला वाचविण्यासाठी मागील चित्रपटाचा संपूर्ण उत्तरार्ध खर्ची पडला, तिचा मृत्यू पडद्यामागे, एका अपघाताने उरकला जातो. रिप्लीच्या कोणत्याही कृतीतून तो उद्भवत नाही, म्हणून तिचा शोक खरा असूनही तिच्या स्वभावाच्या घडणीत तो नीट सांधला जात नाही.