साताऱ्याची रेसिडेन्सी आणि 'वकील' हा शब्द

साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेन्सीस 'वकिलात' म्हणणे सोयीचे वाटते. परंतु ते यथार्थ नव्हे. मराठी राजव्यवहारात वकील म्हणजे धन्याच्या वतीने परदरबारी बोलणारा. त्याच्या नेमणुकीत परस्परभाव गृहीत असे. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नेमका हाच भाव नष्ट केला. छत्रपती प्रतापसिंह यांस राज्य लाभले, पण परराज्यांशी स्वतंत्र व्यवहाराचा अधिकार उरला नाही. कंपनीचा प्रतिनिधी जेम्स ग्रँट (पुढे ग्रँट डफ) याच्या हाती तर १८२२ पर्यंत राज्याचा कारभारच होता. यजमानाचे घर चालविणाऱ्या पाहुण्यास वकील कसे म्हणावे?

१८३९ मध्ये महाराज पदच्युत झाले. त्यांच्यावरील आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप होता. स्वतंत्र सत्तेस जे सहज, तेच येथे अपराध ठरले.

त्यांची बाजू मांडण्यास रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडले. साताऱ्यात रेसिडेंटाची सत्ता होती. लंडनमध्ये साताऱ्याच्या वकिलास केवळ अर्जदाराचे स्थान होते. 'राजदूत' व 'न्यायालयात बाजू मांडणारा' हे 'वकील' शब्दाचे जुने व नवे अर्थ त्यांच्या ठायी एकत्र आले, ते या विषमतेमुळेच. दरम्यान १८४८ मध्ये शहाजी महाराज निवर्तले. कंपनीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले.

तात्पर्य, 'रेसिडेन्सी' हा परका शब्दच येथे राखावा. 'वकिलात' म्हटल्याने जी समानता नव्हती ती इतिहासात शिरते.