हरवल्याची गोष्ट आणि दुखणे काढणे

'रंग गव्हाळ, बांधा मध्यम, केस पिकलेले, अंगात निळा सदरा' ही शब्दकळा मराठी प्रेक्षकाच्या कानांवर एकेकाळी वारंवार पडत असे. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर 'आपण यांना पाहिलंत का?' या कार्यक्रमात हरवलेल्या व्यक्तींची छायाचित्रे दाखविली जात आणि निर्विकार आवाजात त्यांचे वर्णन वाचले जाई. एक संबंध आयुष्य पाचसहा विशेषणांत बसविणारी ही भाषा, आणि ती विशेषणेही निम्म्या महाराष्ट्राला लागू पडावीत अशी. २०१६ साली हेमंत राव या तरुण कन्नड दिग्दर्शकाने आपल्या पहिल्या चित्रपटाचे नाव याच भाषेतून उचलले : 'गोधी बण्ण साधारण मैकट्टु', म्हणजे गव्हाळ वर्ण, साधारण बांधा. स्मृतिभ्रंश झालेला एक वृद्ध पिता बंगळूर शहरात हरवतो आणि मुलगा त्याला शोधीत हिंडतो, ही त्याची कथा. २०१८ साली तिचे तमिळ रूपांतर झाले तेव्हाही '६० वयदु मानिरम' असे वयाचे आणि वर्णाचेच नाव त्याला देण्यात आले.

त्याआधी तीन वर्षे, २०१३ मध्ये, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'अस्तु' हा मराठी चित्रपट केला होता. त्यातील डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. मुलीच्या मोटारीतून जात असता रस्त्यावर हत्ती दिसतो, ते उतरून त्याच्यामागे चालू लागतात आणि दिसेनासे होतात. भाषा वेगळ्या, दिग्दर्शकांचा पिंड वेगळा, निर्मितीमागची प्रेरणाही वेगळी. तरी दोन्ही चित्रपटांचा घाट एकच आहे. वडील हरवतात, अपत्य शोधते, परक्या माणसांच्या हाती पडलेला रुग्ण त्यांना काही देऊन जातो आणि शोधाच्या वाटेवर भूतकाळ उलगडत जातो. याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. दीर्घकालीन आजार पडद्यावर आणावयाचा तर तो हरवण्याची गोष्ट करूनच आणता येतो, असा जणू एक अलिखित संकेत येथे काम करताना दिसतो.

हा संकेत का निर्माण झाला असावा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हिंदी चित्रपटाला आजार नवा नव्हता. 'आनंद' (१९७१) आणि 'मिली' (१९७५) यांनी असाध्य व्याधीचे एक ठसठशीत रूप प्रेक्षकांच्या मनावर बिंबविले. परंतु त्या आजाराला शेवट असतो. मृत्यू हा तेथे कथेचा आयता विराम होतो आणि त्याच्या प्रकाशात रुग्णाचे प्रत्येक हसणे अर्थपूर्ण ठरते. स्मृतिनाशाची गोष्ट तर आणखी सोपी करून टाकण्यात आली होती. 'सदमा' (१९८३) मध्ये अपघाताने स्मृती जाते आणि उपचाराने ती परतही येते. स्मृती म्हणजे जणू विजेचे बटण. सूझन सोंटॅग यांनी १९७८ साली क्षय आणि कर्करोग यांवर साहित्याने लादलेल्या रूपकांची झडती घेतली, तेव्हा त्यांचा रोख आजाराला अर्थाच्या ओझ्याखाली दडपण्याकडे होता. जुनाट दुखण्याबाबत अडचण उलटी आहे. ते वर्षानुवर्षे तसेच राहते, हळूहळू वाढते, त्यात कळस नसतो आणि उतारही नसतो. कालच्या दिवसासारखाच आजचा दिवस, किंचित अधिक वाईट. पुनरावृत्ती हाच ज्याचा स्वभाव, त्याला दोन तासांच्या कथानकात बसवावयाचे कसे? हरवणे हे या प्रश्नाचे तयार उत्तर होते. एका दिवसाचा अवधी, एक उत्कंठा आणि शेवटी भेट.

'गोधी बण्ण' हे उत्तर जवळजवळ निःशंकपणे स्वीकारतो. वेंकोब राव ही भूमिका अनंत नाग यांची. मुंबईच्या रंगभूमीवर घडलेल्या आणि 'अंकुर' (१९७४) पासून हिंदी प्रेक्षकांनाही परिचित असलेल्या या नटाने रुग्णाची कीव येऊ दिलेली नाही, हे त्याचे मोठेच यश. त्यांचा वेंकोब राव विसरतो, घोटाळतो, पण अजागळ होत नाही. त्याच्या बोलण्यात एक जुन्या वळणाची सभ्यता अखेरपर्यंत टिकून राहते. मात्र चित्रपटाचे खरे लक्ष त्याच्यावर नाहीच. ते आहे त्याच्या मुलावर. शिव हा नोकरीत गुंतलेला, वडिलांना शुश्रूषागृहात ठेवून आलेला, त्यांच्याशी दोन शब्द धड न बोलू शकणारा तरुण. शोध घेता घेता डॉक्टर सहनाच्या मुखातून त्याला वडिलांचे पूर्वायुष्य कळते आणि तो बदलतो. इकडे म्हातारा एका गुन्हेगाराच्या हाती लागतो आणि त्या गुन्हेगाराच्याही मनाचा कोपरा ओलावतो. म्हणजे पित्याची स्मृती ज्या प्रमाणात झडते, त्या प्रमाणात भोवतालच्या पुरुषांची अंतःकरणे सुधारत जातात. आजार हे येथे इतरांच्या चित्तशुद्धीचे साधन ठरते. चित्रपट रंजक आहे, त्याची बांधणीही कौशल्याची आहे. परंतु नावातून त्याने जो प्रश्न उभा केला होता (स्मृती गेल्यावर माणसाचे काय उरते? वर्ण आणि बांधा एवढेच?) त्याच्याकडे तो पुन्हा फारसा वळत नाही.

'अस्तु' तो प्रश्न सोडत नाही. यामागे दिग्दर्शकांची जडणघडण आहे. सुमित्रा भावे (निधन २०२१) समाजकार्याच्या अभ्यासातून चित्रपटाकडे आल्या. 'देवराई' (२००४) मध्ये या जोडीने स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आणि त्याचे घर यांचा विचार आधीच केला होता. तेथील शेष अखेरीस खडखडीत बरा होत नाही. औषध, बहिणीचे घर आणि त्याचे स्वतःचे अरण्य यांच्यात कसाबसा तोल सांभाळला जातो, आणि चित्रपट त्याहून अधिक आशा दाखवीत नाही. 'अस्तु' मध्ये डॉ. मोहन आगाशे शास्त्री झाले आहेत. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यामुळे शून्यात लावलेली नजर, थरथरते हात या ठराविक खुणांचा मोह त्यांनी टाळला असावा. त्यांच्या चेहऱ्यावर दिसते ते कुतूहल. हत्तीकडे पाहणारा हा पंडित काही गमावून बसला आहे असे वाटण्यापेक्षा प्रथमच काही पाहतो आहे असे वाटते, आणि प्रेक्षकाला क्षणभर त्याचा हेवा वाटतो. हा हेवा धोक्याचा आहे, याची जाणीवही चित्रपटाला आहे. म्हणूनच त्याने शेजारी इरा उभी केली आहे. इरावती हर्षे यांनी रंगविलेली ही मुलगी थकलेली, चिडणारी, अपराधी भावनेने पोखरलेली आहे. तिला हे कुतूहल परवडणारे नाही.

आणि मग चन्नम्मा येते. माहुताची ही बायको, हत्तीच्या मागे गावोगाव हिंडणारी, कानडी वळणाची बोली बोलणारी. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संवादांचा पुरस्कार सुमित्रा भावे यांना. दोन्हींचा संबंध एकाच गोष्टीशी आहे. शास्त्री आणि चन्नम्मा यांच्यात समान भाषा जवळपास नाही. ज्याच्या जिव्हाग्रावर संस्कृत वाङ्मय नांदत होते, त्या माणसाला त्याची भाषा न जाणणारी बाई सांभाळते आणि तो तिला आई समजू लागतो. इरेला वडिलांकडून हवी असते ओळख. चन्नम्माला तिची गरजच नसते, कारण तिने त्यांना पूर्वी कधी पाहिलेले नाही. तिच्यासाठी ते 'होते' कधी नव्हतेच, 'आहेत' एवढेच. आजच्या माणसाशी कालच्या माणसाची तुलना न करता वागणे, ही गोष्ट स्वकीयांना सर्वांत अवघड जाते. हे सत्य कोणत्याही वैद्यकीय पुस्तिकेपेक्षा अधिक स्पष्टपणे 'अस्तु' सांगतो.

तरीही एक खटकणारी गोष्ट नोंदवली पाहिजे. चन्नम्माचे वात्सल्य एका दिवसाचे आहे. दुसऱ्या दिवशी तिला हत्तीबरोबर पुढच्या गावाला जायचे आहे. तीन वर्षे ती शास्त्रीबुवांपाशी राहिली असती, रात्रीबेरात्री त्यांच्यामागे धावली असती, तर तिचाही आवाज इरेसारखाच चढला नसता कशावरून? निरक्षर, निसर्गाच्या जवळची स्त्री आणि तिची अमर्याद माया हे मराठी साहित्याचे जुने प्रेमप्रकरण आहे, आणि 'अस्तु' त्यातून पूर्णपणे सुटलेला नाही.

येथे आणखी एका साम्याकडे लक्ष वेधते. २००५ या एकाच वर्षी स्मृतिभ्रंशाशी संबंधित तीन लक्षणीय चित्रपट आले. 'ब्लॅक' मधील रुग्ण शिक्षक आहे. 'मैंने गांधी को नहीं मारा' मधील उत्तम चौधरी हिंदीचे निवृत्त प्राध्यापक आहेत, आणि त्यांच्या भ्रमाचे कोडे खोट्या न्यायालयात सोडविले जाते; म्हणजे पुन्हा एक शोधकथाच. मल्याळम 'तन्मात्र' मधील मोहनलाल हा सरकारी कर्मचारी. त्यांत शास्त्री आणि वेंकोब राव मिळविले की चित्र पुरे होते : पडद्यावरचा स्मृतिभ्रष्ट हा पुरुष असतो, सुशिक्षित असतो, बहुधा विद्वान असतो. कारण उघड आहे. मनोरा जितका उंच, तितके त्याचे कोसळणे दृश्यमान. प्रत्यक्षातील स्थिती मात्र निराळी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. ती खेड्यातली म्हातारी हरवत नाही, कारण ती मोटारीतून कुठे जात नाही. ती स्वयंपाकघरातच हरवते. भाजीत दोनदा मीठ घालते, चूल पेटवून विसरते, सुनेला चोर म्हणते. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने तिचे निदान घरच्या घरी होऊन गेलेले असते. तिच्याजवळ विसरण्यासारखे काही होते, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस' (२०२२) हा या पुरुषप्रधान मालिकेतला मोलाचा अपवाद. शेफाली शाह यांनी साकारलेली शैलजा ही मुंबईतील नोकरदार स्त्री स्मृती अंधारून येण्याआधी नवऱ्यासह वेंगुर्ल्याला, आपल्या बालपणाच्या गावी जाते. कोकणातले ते दिवस फार हळुवारपणे चित्रित झाले आहेत. परंतु हा चित्रपटही आजाराच्या उंबरठ्यावरच थांबतो. पुढच्या वर्षांत शैलजेला कोण न्हाऊ-माखू घालणार, हा प्रश्न त्याच्या चौकटीबाहेर राहतो.

मराठीत एक अर्थगर्भ वाक्प्रयोग आहे : दुखणे काढणे. दुखणे एकाचे, ते काढणारा दुसरा. सासूचे दुखणे काढले, नवऱ्याचे दुखणे काढले, असे जुन्या बायका सहज सांगत, आणि त्या एका क्रियापदात किती रात्री मोडल्या असतील याचा हिशेब कुणी विचारीत नसे. या क्रियेची प्रतिमा आपल्या पडद्यावर विरळा. 'तन्मात्र' तिच्या बराच जवळ जातो. त्यातील रुग्णाची घसरण घरातच, बायकोमुलांच्या देखत, टप्प्याटप्प्याने होते, आणि प्रेक्षकालाही तेथून बाहेर पडता येत नाही. पॅरिसमधील एका सदनिकेबाहेर क्वचितच पाऊल टाकणारा मिखाएल हानेके यांचा 'आमूर' (२०१२) याच जातीचा. शोधाची दौड नाही, परका देवदूत नाही; पाणी पाजणे, कूस बदलणे, आणि पाजलेले पाणी थुंकले गेले की येणारा राग.

कन्नड चित्रपटाला ही वाट अपरिचित होती असेही नाही. त्रिवेणी (१९२८–१९६३) यांनी मानसशास्त्राच्या अभ्यासातून लिहिलेल्या 'शरपंजर' या कादंबरीवर पुट्टण्ण कणगाल यांनी १९७२ साली त्याच नावाचा चित्रपट केला. बंगळूरच्या मनोरुग्णालयाचे आणि तेथील मानसिक आरोग्य संस्थेचे एकत्रीकरण होऊन 'निम्हान्स' उभी राहण्यास तेव्हा अजून दोन वर्षे होती. बाळंतपणानंतर मन बिघडलेली कावेरी इस्पितळातून बरी होऊन घरी येते. कल्पना यांनी ही भूमिका केली आहे. एखाद्या आजच्या चित्रपटाने येथे भेटीचे संगीत वाजवून पडदा पाडला असता. कणगाल यांनी पाडला नाही. घर तेच आहे, पण नवऱ्याची नजर बदललेली आहे, शेजारीपाजारी कुजबुजत आहेत. कावेरीच्या साध्या हसण्याचा आणि साध्या रागाचाही अर्थ आता आजाराच्या कोशात पाहून लावला जातो. तिच्या हातून भांडे पडले, तर ते केवळ भांडे राहत नाही.